जागलीची बंदूक आणि तिचा डबा



पौष लागला की आपल्या पारोळ्याच्या शिवारात रात्री जागोजाग शेकोट्या दिसू लागतात. हरभऱ्याला घाटे लागलेले असतात, दादर निसवलेली असते, आणि नाल्याकाठच्या काटेरी झुडपांतून रानडुकरे व रोही अंधार पडताच बाहेर पडतात. मग घरचा कर्ता माणूस घोंगडी खांद्यावर टाकून जागलीला निघतो. ज्याच्याकडे पीकसंरक्षणाचा परवाना आहे तो बंदूकही घेतो. कुणाची ठासणीची, वाडवडिलांपासून आलेली. कुणाची बारा बोअरची एकनळी.

माझे काम बियाण्याचे, खताचे आणि फवारणीचे. बंदुकीवर मी कधी लिहीन असे वाटले नव्हते. पण मागच्या हिवाळ्यात एका गावी ओट्यावर बसलो असता एका शेतकऱ्याने आपली ठासणीची बंदूक पुढ्यात आणून ठेवली. म्हणाला, "सायेब, बंदूकना घोडाच हालत नही!" आधी ती रिकामी आहे ना, याची खात्री करून घेतली. मग पाहिले तर घोडा खरोखरच चिकटून बसलेला. तेल दिले होते का, असे विचारले. दर दिवाळीला देतो, म्हणाला. कोणते? तर घरचे, करडईचे.

करडईचे तेल खायला उत्तम. पण करडई आणि जवस यांचे तेल हवेने सुकते व त्याची चिकट साय होते. जवसाच्या तेलात रंग कालवतात तो याच गुणामुळे. हीच साय बंदुकीच्या घोड्यात व चापात बसली की थंडीत ती आणखी घट्ट होते. शेंगदाण्याचे तेलही काही दिवसांनी चिकटतेच. ट्रॅक्टरचे ग्रीस तर पहाटेच्या गारठ्यात मेणासारखे थिजते. लोखंडाला द्यायचे ते शिलाई मशीनचे पातळ तेल, तेही दोन थेंब. वरचे पुसून घ्यावे. जवसाचे तेल मात्र वाया घालवू नका. लाकडी दस्त्याला वर्षातून एकदा फडक्याने चोळा. कोरड्या हवेने लाकूड तडकते, ते वाचेल. तेच तेल, लाकडाला औषध आणि लोखंडाला अपाय.

थंडीचा दुसरा त्रास दवाचा. आपल्याकडे पौष-माघात पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, धुळ्याकडे काही वर्षी पाच अंशांच्या आसपास जातो. रात्रभर गारठलेली बंदूक पहाटे घरात आणून चुलीशेजारच्या भिंतीला लावली की उबेतली वाफ त्या गार लोखंडावर जमते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसेच हे. नळीला आतून आलेला हा घाम कुणाला दिसत नाही आणि गंज तिथूनच धरतो. म्हणून घरी आल्यावर बंदूक तासभर कडी-कुलपाच्या बिनउबेच्या खोलीत राहू द्या, मग आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा. जुन्या धोतराचे धुतलेले फडके यासाठी बाजारच्या कुठल्याही वस्तूपेक्षा चांगले.

ठासणीच्या बंदुकीतून बार काढला असेल तर नुसते पुसून भागत नाही. काळ्या दारूची राख ओल ओढून घेते आणि एका रात्रीत नळी खाते. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून त्याच दिवशी बंबातल्या कढत पाण्याने नळी गजावरच्या फडक्याने धुवा, पूर्ण कोरडी करा आणि मग तेलाचा हात फिरवा. काडतुसाच्या बंदुकीला पाणी लागत नाही, फडके आणि तेल पुरते.

बंदूक खताच्या खोलीत ठेवणारे अनेक जण मी पाहिले आहेत, कारण त्या खोलीला कुलूप असते. पण पोटॅश हे क्षारच आहे. ते आणि युरिया, दोन्ही हवेतली ओल ओढतात. त्या खोलीतले विळे-कोयते कसे लाल झालेले असतात ते पाहा आणि मग ठरवा. कातडी किंवा कॅनव्हासची खोळ फक्त नेण्या-आणण्यापुरती वापरा. वर्षभर खोळीत घालून ठेवलेली बंदूक ओलीतच ठेवल्यासारखी असते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बंदुकीला आपण जपतो, तिच्याबरोबरच्या बारीकसारीक वस्तूंना जपत नाही. दारू, टोप्या, छर्रे, गज, फडके, तेल, परवाना हे सगळे एका पिशवीत कोंबलेले आणि पिशवी खुंटीला. जागलीला गेले की तीच पिशवी माळ्याच्या खांबाला, खाली शेकोटी आणि हातात विडी. थंडी वाजते म्हणून माणूस शेकोटीला सरकतो आणि टोप्यांची डबी कोटाच्या खिशात असते! एक ठिणगी पुरे. दारू आणि टोप्या कधीही एकत्र ठेवू नका, आणि दोन्ही विस्तवापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा. जागलीला त्या रात्रीपुरतेच न्या, बाकीचे घरी कुलपात राहू द्या.

दारू सर्दावली तर ती वाळवायला जाऊ नका. चुलीवर नको, तव्यावर नको, उन्हात पत्र्यावरही नको. माणसे भाजतात ती अशीच. सर्दावलेला माल परवानाधारक विक्रेत्याला विचारून त्याच्या स्वाधीन करावा. जुनी कागदी काडतुसे पावसाळ्यात फुगतात, ती ठोकून बसवू नका. खडकीच्या कारखान्याची असोत की आणखी कुठली, फुगलेले काडतूस बाद समजावे.

टोप्यांबद्दल मी इतके का सांगतो, ते सांगतो. मी नऊ वर्षांचा होतो, धाकटा भाऊ सहा वर्षांचा. वडिलांची ठासणीची बंदूक वरच्या खुंटीवर असे, आम्हा मुलांचा हात पोहोचणार नाही अशी. टोप्यांची पत्र्याची डबी मात्र देवळीत, निरांजनाच्या वातींजवळ. दिवाळीचे दिवस. पोरांना टिकल्या दगडावर ठेवून फोडायची सवय. भावाला वाटले, ह्या तांब्याच्या टिकल्या. त्याने एक पायरीवर ठेवली आणि वर दगड मारला. तांब्याचा कपचा डाव्या डोळ्यात गेला. बैलगाडीतून पारोळ्याला, तिथून पुढे जळगावला नेईपर्यंत रात्र झाली. डोळा गेला. वडील त्यानंतर बारा वर्षे जगले, पण त्यांनी बंदुकीला परत हात लावल्याचे मला आठवत नाही. आई मात्र स्वतःलाच बोल लावत राहिली, कारण देवळी तिच्या ताब्यातली.

म्हणून माताभगिनींना माझे सांगणे आहे की या घरात बंदूक आहे तर तिच्या सामानाचा हिशेब तुम्हालाही माहीत असू द्या. टोप्या किती, कुठे ठेवल्या, कुलूप आहे का, हे विचारण्याचा तुमचा हक्क आहे.

मी सुचवतो ती व्यवस्था खर्चाची नाही. एक कुलपाची लोखंडी पेटी भिंतीला खिळवलेली. तीत रिकामी बंदूक. दुसरी लहान कुलपाची पेटी दुसऱ्या खोलीत, चुलीपासून व दिव्यापासून लांब. तीत फक्त दारू किंवा काडतुसे, आणली त्याच मूळ वेष्टनात. टोप्या तिसऱ्या जागी, त्याही कुलपात. उरले गज, फडकी, तेलाची बाटली, खोळ आणि परवाना. यांचा एक साधा डबा, कुणी उघडला तरी हरकत नाही असा. किल्ल्या परवानाधारकाच्या कमरेला. घड्याळाच्या मागे किंवा तांदळाच्या डब्यात नकोत, पोरांना त्या जागा आपल्या आधी माहीत असतात.

ठासणीवाल्यांनी आणखी एक करावे. नळी रिकामी असल्याची पक्की खात्री झाली, की गज तळापर्यंत सोडून तोंडाशी त्यावर खूण करावी. पुढे कधी शंका आली तर आधी टोपी काढलेली आहे ना हे पाहावे, तोंडासमोरून बाजूला राहून गज सोडावा. खूण वर राहिली की आत काहीतरी आहे असे समजावे. जाणत्या म्हाताऱ्यांच्या गजावर ही खूण असते. नव्यांना ती कसली ते ठाऊक नसते.

दवाने टोपी ओली होऊन बार उडाला नाही, तर लगेच नळीत डोकावू नका. तोंड मोकळ्या रानाकडे धरून निदान मिनिटभर थांबा. बार कधी कधी उशिराने उडतो.

आता वाटेविषयी. शेतावर जाताना, तालुक्याला नूतनीकरणासाठी जाताना किंवा निवडणुकीत जमा करण्याचा आदेश आला म्हणून ठाण्यात नेताना बंदूक रिकामी आणि पूर्ण झाकलेली असली पाहिजे. २०१६ च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक जागी ती खोळीत, झाकून नेण्याचे बंधन आहे. बैलगाडीच्या धक्क्यात किंवा मोटारसायकलवर भरलेली बंदूक म्हणजे शेजारी बसलेल्याचा जीव टांगणीला. दारू घेऊन बसमध्ये वा रेल्वेत चढू नये. रेल्वेत स्फोटक माल नेणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. परवाना प्लॅस्टिकच्या पाकिटात बंदुकीसोबत ठेवा. ठाण्यात जमा करण्यापूर्वी तेलाचा हात द्या, कारण ती तिथे महिनोन् महिने राहते, आणि पावती परवान्याच्या पाकिटात घाला. परत घेतल्यावर पहिले काम नळी तपासण्याचे.

वरातीत बंदूक नेण्याचा विचारही नको. २०१९ च्या दुरुस्तीने हौसेच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख विसरणारे वाढले आहेत. कॅलेंडरवर नव्हे, पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवा. आणि परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही. रानडुक्कर किंवा रोही मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. बार काढून पिटाळणाऱ्यांनीही वस्तीकडे तोंड करू नये.

घरचा परवानाधारक वारला तर बंदूक वारशाने आपोआप मुलाची होत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, आणि हवी असेल तर स्वतःच्या नावाने परवाना मागायचा. आमच्या वडिलांची बंदूक आम्ही दहाव्यानंतर ठाण्यात नेऊन दिली. परवान्यासाठी अर्ज मी केला नाही, भावानेही केला नाही.