महारोगी ते कुष्ठरोगमुक्त

क्षयातून बऱ्या झालेल्या मनुष्यास आपण जन्मभर क्षयरोगी म्हणत नाही. कुष्ठाच्या बाबतीत मात्र रोग जातो आणि नाव उरते. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू दाखविला. तरी ‘महारोगी’ हा शब्द आणि त्यामागील पापाची समजूत पुढे कित्येक दशके टिकली. (बाबा आमटे यांच्या १९४९ सालच्या ‘महारोगी सेवा समिती’ने जुने नाव ठेवले आहे, तेथील कार्यामुळे त्याला निराळाच अर्थ आला, हा अपवाद.) मग ‘कुष्ठरोगी’, ‘कुष्ठरुग्ण’ हे शब्द आले. १९८१ पासून बहुविध औषधोपचार सुरू झाला आणि १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात ‘कुष्ठरोगमुक्त’ असा स्वतंत्र वर्ग दिसला. तथापि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत कायद्यात होतेच.

पेडणे-डिचोलीहून एखादा रोगमुक्त वृद्ध बधिर तळव्याची जखम घेऊन म्हापशास आपल्याकडे येतो. केसपेपरवर ‘कुष्ठरोगी’ न लिहिता ‘पूर्वी कुष्ठरोग, उपचार पूर्ण’ असे लिहिल्याने निदानात काही उणे पडत नाही. तो कागद घरी त्याची सून वाचते, शेजारीही वाचतात.