संशोधनाचे संपादन आणि जमाखर्चाची नजर

‘संशोधन’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. मराठीत आणि कन्नडमध्ये त्याचा अर्थ नवे ज्ञान शोधून काढणे. हिंदीत मात्र संशोधन म्हणजे दुरुस्ती. घटनेत ‘संशोधन’ होते ते त्या अर्थाने. ‘संपादन’चीही तीच तऱ्हा. आपल्याला संपादन म्हटले की मासिक आठवते, तर कन्नडमध्ये ‘संपादने’ म्हणजे कमाईसुद्धा. विचार करता वाटते की हे सगळे अर्थ एकाच कामाचे आहेत. संशोधकाने शोधावे, संपादकाने दुरुस्त करावे आणि दोघांनी मिळून वाचकाचा विश्वास कमवावा. त्या कामाविषयी चार गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत.

भोपाळच्या शाहपुरा भागात माझे काका राहतात. गेल्या दोन्ही उन्हाळी सुट्ट्या मी तेथे काढल्या. काकांच्या ओळखीतील काही प्राध्यापक व विद्यार्थी मिळून शहरातील तलाव, पाणी आणि वस्त्या यांचा अभ्यास करतात आणि दरमहा आठ पानांचे एक वार्तापत्र काढतात. मी वाणिज्य शाखेची म्हणून तक्त्यांच्या बेरजा तपासण्याचे काम माझ्याकडे आले. मंडळी विद्वान, विषय मोलाचे. तरीही अंक हाती घेतला की वाचताना अडखळायला होई. एका लेखात जो तलाव ‘भोजताल’, तोच दुसऱ्यात ‘बडा तालाब’ आणि तिसऱ्यात ‘अप्पर लेक’. परगावच्या वाचकाला वाटावे, तलाव तीन आहेत! टक्केवारीची बेरीज कधी ९७, तर कधी १०४. याचे कारण अज्ञान नव्हते. ज्याला वेळ असेल तो संपादक, आणि बहुधा लेखकच स्वतःच्या लेखाचा तपासनीस, अशी तेथील रीत होती.

आपल्याकडे प्रथम वर्षालाच शिकवतात की रोकड सांभाळणाऱ्याने खतावणी लिहू नये. हा रोखपालावर अविश्वास नव्हे. एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याच्या नजरेत यावे, एवढाच त्यामागील हेतू. अंतर्गत तपासणीचे हे तत्त्व लेखालाही तंतोतंत लागू पडते. लेखकाला आपला लेख पाठ असतो. त्यामुळे कागदावर नसलेला शब्दही त्याला दिसतो. म्हणून पहिला नियम असा की लिहिणारा आणि तपासणारा वेगळा हवा. अंक निघण्यापूर्वी किती दिवस आधी लेख हाती यावा, हेही ठरलेले हवे. आदल्या रात्री आलेल्या लेखाचे संपादन होत नाही, फक्त छपाई होते.

दुसरा नियम वाचनाच्या क्रमाचा. सगळे एकदम तपासू गेल्यास काहीच धड तपासून होत नाही. पहिले वाचन केवळ मुद्द्यासाठी करावे: लेखकाला काय म्हणायचे आहे आणि पुरावा तेथपर्यंत पोचतो का? दुसरे वाचन आकडे, नावे व तारखांचे. तिसरे भाषेचे आणि चौथे मुद्रितशोधनाचे. क्रम उलटा झाला तर श्रम फुकट जातात. जो परिच्छेद शेवटी गाळायचाच आहे, त्यातील ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात काय हशील?

तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लेखापरीक्षक प्रत्येक खर्चाला पावती मागतो, तशी संपादकाने प्रत्येक विधानाला पावती मागावी. हा आकडा कोणाचा, कोणत्या तारखेचा आणि नेमका कशाचा, हे तीन प्रश्न समासात लिहावेत. ही निव्वळ काटेकोरपणाची हौस नाही, हे भोपाळइतके दुसरे कोणते शहर सांगू शकेल?

१९८४ साली २ व ३ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला. किती माणसे दगावली? सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९ होता. पुढे मध्य प्रदेश शासनाने ३,७८७ मृत्यूंना दुजोरा दिला. १९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली, तेव्हा सुमारे ३,००० मृत्यू गृहीत धरलेले होते. केंद्र सरकारने २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका करून भरपाई वाढवून मागितली, तेव्हा मृत्यूंचा आकडा ५,२९५ सांगितला गेला. संघटनांचे अंदाज याहूनही कितीतरी मोठे आहेत. मार्च २०२३ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. कायद्याच्या बाजू कायदा जाणणाऱ्यांनी पाहाव्यात. आपल्यापुरता बोध असा की यांतील कोणताही एक आकडा, त्याची तारीख आणि मोजणारा न सांगता, नुसताच छापला तर तो वाचकाची दिशाभूल करतो. या आकड्यांवर औषधपाणी आणि भरपाई अवलंबून राहिली आहे. त्या शहरातील संशोधकाने ‘हजारो लोक’ असे मोघम लिहावे आणि संपादकाने ते पुढे जाऊ द्यावे, हे बरे नव्हे.

चौथा नियम एकसारखेपणाचा. मराठी लेखनाचे नियम साहित्य महामंडळाने ठरवले. १९६२ साली १४ नियमांना शासनाची मान्यता मिळाली आणि १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडली. त्यांवर वाद पुष्कळ झाले, परंतु पाठ्यपुस्तकांना एक सामाईक पट्टी मिळाली. तशीच एक पानभर नियमावली प्रत्येक अभ्यासगटाने आपल्यासाठी करावी. तलावाचे कोणते नाव वापरायचे, लाख-कोटी की दशलक्ष, ‘वर्ष’ म्हणजे जानेवारी ते डिसेंबर की एप्रिल ते मार्च, एवढे जरी ठरले तरी निम्मे घोळ मिटतात.

आता संपादकाच्या अधिकाराची मर्यादा. काही संपादकांच्या हाती लेखणी आली की लेखकाचा लेख लेखकालाच ओळखू येत नाही! याबाबतीत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. १९१९ साली तेथे महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू झाले. १९२३ मध्ये ना. बा. उटगीकरांनी विराटपर्वाची कच्ची आवृत्ती छापून ती विद्वानांपुढे टीकेसाठी ठेवली. पुढे १९२५ पासून वि. सी. सुकथनकरांनी प्रमुख संपादक म्हणून कामाला पक्की शिस्त लावली. एकूण १,२५९ हस्तलिखिते पडताळून १९६६ साली १९ खंडांचे हे कार्य तडीस गेले. या मंडळींनी न पटलेले पाठ गुपचूप खोडले नाहीत. निवडलेला पाठ वर दिला आणि बाकीचे खाली टिपांत नोंदले. जेथे खात्री कमी होती, तेथील शब्दांखाली नागमोडी रेघ ओढली. केवढा हा प्रामाणिकपणा! छोट्या वार्तापत्राच्या संपादकाला त्यातून दोन गोष्टी घेता येतील: कच्चा खर्डा आधी चार जाणत्यांना दाखवावा आणि आपला बदल लेखकाला दिसेल असा करावा. अर्थ बदलत असेल तेथे बदल न करता प्रश्न विचारावा.

एवढे करूनही चूक राहतेच. त्यावर आपल्या जमाखर्चाने उपाय सांगून ठेवला आहे. किर्दीत खाडाखोड चालत नाही. चुकीची नोंद तशीच ठेवून दुरुस्तीची स्वतंत्र नोंद करतात. वार्तापत्रानेही पुढच्या अंकात ठरलेल्या जागी ‘मागील अंकातील दुरुस्ती’ छापावी. त्याने प्रतिष्ठा कमी होत नाही. उलट, जेथे दुरुस्ती छापली जाते तेथील बाकीचा मजकूर अधिक विश्वासाने वाचला जातो.

शाहपुऱ्यातील मंडळींनी यांतील पहिले तीन नियम या उन्हाळ्यात अमलात आणले. अंक आठ पानांऐवजी सहा पानांचा झाला आणि वाचकांच्या पत्रांत शंका कमी, सूचना जास्त येऊ लागल्या. नियमावलीचे पान अजून तयार व्हायचे आहे, कारण तलावाच्या नावावर एकमत झालेले नाही!

आपल्या महाविद्यालयातही प्रकल्प-अहवाल दरवर्षी लिहिले जातात आणि बांधणी होऊन कपाटात जातात. मराठी विभागातील विद्यार्थ्याने कन्नड विभागातील मित्राचा आणि त्याने याचा अहवाल एकदा वाचून पाहावा, अशी माझी सूचना आहे. ज्याला दोन्ही भाषा थोड्याफार येतात, त्याला न कळलेले वाक्य बहुधा मुळातच धड नसते. तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा ठरतोच असे नाही, हे प्राध्यापक आम्हांला बजावतात. पण जुळली नाही, तर कोठेतरी चूक आहे हे नक्की. संपादनाचेही तसेच आहे. संशोधन खरे असल्याची हमी ते देऊ शकत नाही. मात्र कोठे पुन्हा पाहायला हवे, ते दाखवू शकते.