ओल्या हळदीचा संसार आणि कागदाची भाषा

बेळगावच्या पश्चिम भागातील एका खेड्यात आमचा संसार आहे. आम्ही म्हणजे नवरा-बायको. लिहिताना एकमेकांचे नाव घ्यायचे नाही असे ठरवले आहे. लग्नात उखाण्यातून घेतले तेवढे पुरे. म्हणून घरात म्हणतो तसेच ‘हे’ आणि ‘ही’ असे लिहितो.

‘हे’ गावच्या मराठी शाळेत शिकलेले, उद्यमबागेतील एका फौंड्रीत ठेकेदाराच्या हाताखाली चार वर्षे फिटर. ‘ही’ चंदगड तालुक्यातली, बारावी झालेली. सासर-माहेरात अर्ध्या तासाचा रस्ता, पण मध्ये दोन राज्यांची सीमा. लग्न २०२० च्या फेब्रुवारीत झाले. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा दारातल्या मांडवाचे वासे शेजाऱ्यांना परत करायचेच होते.

जूनमध्ये फौंड्रीची भट्टी पुन्हा पेटली, पण सगळ्यांना बोलावणे आले नाही. ठेकेदार म्हणाला, “गरज लागली की फोन करतो की.” कामावरून काढले असे कोणी तोंडाने म्हटले नाही, लिहून तर दिलेच नाही. त्यामुळे आम्हाला रडताही येईना. फोन वाजला की दोघेही धावायचो. महिनाभर वाट पाहिल्यावर एका रात्री ‘ही’ म्हणाली, “नोकरी गेलीया, असं एकदा मोठ्यानं म्हणूया. मग पुढचं सुचंल.” दुसऱ्या दिवशी मामांना आणि आत्यांना सांगितले. मामा एवढेच बोलले, “रान हाय. उपाशी न्हाई मरत.”

नाक्यावरची पंचमी

लग्नानंतरची पहिली नागपंचमी माहेरी व्हायची. त्या वर्षी ती २५ जुलैला आली. सीमा ओलांडायला पास लागत होता. अखेर भाऊ शिनोळीपर्यंत आला आणि अलीकडे-पलीकडे उभे राहूनच भेट झाली. साडी, तांदळाची पिशवी आणि लाह्यांचा डबा त्याने पुढे सरकवला. “दाजींचं काम कसं चाललंय?” त्याने विचारले. खोटे बोलणे सोपे होते. ‘हे’ पुढे होऊन म्हणाले, “काम सुटलंय. काही तरी नवीन करणार.” नवीन काय करणार, हे तोवर आम्हालाही ठाऊक नव्हते. पण सांगून टाकल्यावर परतीच्या वाटेवर मन हलके झाले होते.

बातमी मराठीत आली म्हणून

पगारातून दरमहा विम्याचे पैसे कापले जात होते. त्याची चिठ्ठी इंग्रजीत असे. दवाखान्यापलीकडे तिचा उपयोग असेल हे आम्हाला माहीत नव्हते. ऑगस्टअखेरीस ‘ही’ने रद्दीत निघालेल्या मराठी दैनिकात एक बातमी वाचली. कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत टाळेबंदीपुरते नियम सैल झाले होते. काम गेलेल्या विमाधारकाला सरासरी पगाराच्या २५ ऐवजी ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत मिळणार होती. नव्वद दिवस थांबण्याऐवजी तीस दिवसांनी अर्ज करता येणार होता. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हा अर्ज मालकामार्फत न पाठवता थेट शाखा कार्यालयात देता येणार होता.

ज्याने काढल्याचेच कबूल केले नव्हते, त्याची सही आता लागणार नव्हती! दोन वर्षांच्या विम्याची अट चार वर्षांच्या नोकरीत बसत होती. विमा क्रमांक, आधार, पासबुक घेऊन ‘हे’ सायकलने गेले. दोन-तीन खेपा झाल्या. पगार बारा हजारांचा होता, म्हणजे महिन्याला सुमारे सहा हजार. तीन महिन्यांचे पैसे खात्यावर आले. भविष्य निर्वाह निधीतूनही त्या काळात परत न फेडण्याची उचल मिळत होती: तीन महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांत कमी असेल ती रक्कम. तीही काढली. मंगळसूत्र मोडायचा विषय त्या दिवशी संपला.

त्या पैशांतून जुने वेल्डिंग मशिन आणि पान्यांचा संच घेतला. गोठ्याच्या पडवीत दुकान मांडले. फवारणीचे पंप आणि विडर दुरुस्तीला लोक पूर्वी शहरात नेत. ते पडवीत येऊ लागले. मामांच्या रानात रताळ्याचे वेल लावलेले होतेच. कार्तिकात रताळी बाजार समितीत गेली आणि मशिनची उरलेली उधारी फिटली.

दोन्ही अक्षरांचे दुकान

पंचायतीच्या परवान्याचा अर्ज कन्नडमध्ये होता. ‘हे’ शाळेतले कन्नड अडखळत वाचत. ‘ही’ला एक अक्षर येत नव्हते. पुतण्याचे पहिलीचे कन्नड पुस्तक घेऊन ती रोज रात्री गिरवू लागली. शेजारच्या कन्नड भाषक आजी चुका दाखवत आणि हसत. आज बिलबुक तीच सांभाळते. पाटीवर साठ टक्के कन्नड असावे असा कर्नाटकाचा नियम २०२४ मध्ये झाला, तेव्हा पाटी नव्याने रंगवली. कन्नड वर, मोठ्या अक्षरांत; मराठी खाली. गिऱ्हाईक दोन्ही भाषांतले येते.

कोणी म्हणेल, मग मराठीचे काय? आमचा अनुभव असा की कन्नड शिकल्याने पोटाची सोय झाली, पण आपला हक्क आम्हाला कळला तो मराठीतूनच. दोहोंत भांडण लावायचे कारण नाही. गाऱ्हाण्याचे निवेदन देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा अधिकार घटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे. कन्नड वाचता येते म्हणून तो संपत नाही.

नव्याने संसार मांडणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. पगाराची चिठ्ठी, विमा क्रमांक आणि भविष्य निधीचा क्रमांक लग्नाच्या फोटोंइतकेच जपून ठेवा. योजनांचे नियम बदलत असतात, तेव्हा कार्यालयात जाऊन विचारा. काम गेले तर घरात लपवू नका. आणि गावोगावच्या तरुण मंडळांना विनंती, की महिन्यातून एक संध्याकाळ देवळात बसून आलेले सरकारी कागद मराठीत वाचून दाखवावेत. आम्हाला ती बातमी रद्दीत सापडली. सगळ्यांचेच नशीब एवढे बलवत्तर नसते.