कंपनीला भांडवल पाहिजे, पण शेअर कोणता काढायचा?

मेहकर तालुक्यात सोयाबीन, तूर, हरभरा पिकवणाऱ्या गावांत शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या राहिल्या. नोंदणी झाली, बोर्ड लागला, खरेदीही सुरू झाली. आता ग्रेडिंग मशीन, गोदाम, डाळ मिल असे विषय निघतात आणि गाडी पैशापाशी अडते. जानेफळ भागातल्या बैठकांत मग एक सूचना हमखास येते. "एखादा पैसेवाला माणूस घेऊ, त्याच्यासाठी वेगळ्या जातीचे शेअर काढू. काय बिघडलं?"

शेतकरी बंधूंनो, बिघडतं ते कायद्यात आणि पुढे गावातही. म्हणून हा विषय नीट समजून घेतलेला बरा.

साध्या कंपनीत काय चालते

साध्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत शेअरचे प्रकार करता येतात. एक समभाग, म्हणजे इक्विटी. दुसरा अग्रहक्क भाग, म्हणजे प्रेफरन्स. अग्रहक्कवाल्याला लाभांश आधी मिळतो, कंपनी बंद पडली तर भांडवलही आधी परत मिळते; मतदानाचा हक्क मात्र मर्यादित असतो. इक्विटीतही कमी-जास्त मताचे वर्ग पाडता येतात. जितके शेअर तितकी मतं, हा तिथला साधा हिशेब.

आपल्या कंपनीत काय चालते

शेतकरी उत्पादक कंपनीचा कायदा वेगळा आहे. ही तरतूद प्रथम 2002 मध्ये, डॉ. वाय. के. अलघ समितीच्या शिफारशीवरून आली. आज ती 2013 च्या कंपनी कायद्यात प्रकरण 21-अ मध्ये आहे. त्यात स्पष्ट म्हटले आहे की, उत्पादक कंपनीचे भांडवल फक्त इक्विटीचेच असेल. प्रेफरन्स शेअर काढताच येत नाहीत. व्यक्ती सभासदाजवळ एक शेअर असो की हजार, मत एकच. जो उत्पादक नाही त्याला सभासद होता येत नाही. शेअर विकायचा तर संचालक मंडळाच्या पूर्वपरवानगीने, दुसऱ्या क्रियाशील सभासदालाच आणि दर्शनी किमतीलाच.

कोणाला हे जाचक वाटेल. पण दोन एकरवाल्याने हजार रुपये कोणत्या भरवशावर दिले? काट्यावर आणि सभेत आपला शब्द चालेल, याच भरवशावर ना? पैसेवाल्याच्या हाती मतं गेली की भाव तोच ठरवणार. मग कंपनी आणि अडत यांत फरक काय राहिला?

मग पैसा आणायचा कसा?

पहिला मार्ग सभासदांचाच. समजा 500 सभासदांनी प्रत्येकी 1000 भरले, तर 5 लाख झाले. आणखी हजार-हजार भरले तर 10 लाख. केंद्राच्या 2020 च्या दहा हजार कंपन्यांच्या योजनेत पात्र कंपनीला सभासदाच्या भांडवलाइतकेच अनुदान, सभासदामागे 2000 रुपयांपर्यंत आणि एकूण 15 लाखांपर्यंत ठेवले आहे. म्हणजे आपल्या 10 लाखांना तिकडून 10 लाखांची जोड मिळू शकते.

मात्र आधी अधिकृत भांडवलाची मर्यादा बघा. ती संपली असेल तर सर्वसाधारण सभेत ठराव घेऊन वाढवावी लागते आणि 30 दिवसांत एसएच-7 फॉर्म भरावा लागतो. शेअर वाटप झाल्यावर पीएएस-3 भरा. दोन महिन्यांच्या आत भाग दाखला सभासदाच्या हातात द्या. नुसत्या पावतीवर सभासदाला ठेवू नका.

दुसरा मार्ग विशेष हक्काचा. जो जास्त माल घालतो त्याला काही जास्त मिळावे, ही मागणी रास्त आहे. त्यासाठी नियमावलीत तरतूद असेल तर क्रियाशील सभासदाला जादा माल पुरवण्याचा वा मालासंबंधी इतर हक्क लेखी देता येतो. शिवाय वर्षअखेरीस व्यवहाराच्या प्रमाणात बोनसही देता येतो. हक्क मालाचा वाढतो, मताचा नाही. नियमावलीत तरतूद नसेल तर विशेष ठरावाने ती करावी. त्याला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने लागतात.

तिसरा मार्ग मोठ्या कंपन्यांचा. नाशिक जिल्ह्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने बाहेरचा पैसा उत्पादक कंपनीत घेतला नाही. त्यांच्या उपकंपनीत 2022 मध्ये युरोपातील गुंतवणूकदारांनी 310 कोटी रुपये घातले. मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली. हे लहान कंपनीचे काम नव्हे, पण बाहेरच्या पैशाला दार कुठे ठेवायचे ते यातून कळते.

सभेला जाण्यापूर्वी

सभेची नोटीस किमान 14 दिवस आधी निघाली का, एक चतुर्थांश सभासद हजर आहेत का, हे तपासा. वेगळ्या शेअरचा ठराव कोणी मांडला तर सही करण्याआधी सी.ए. किंवा कंपनी सेक्रेटरीला कागद दाखवा. आणि आपल्या शेअरला वारसाचे नामनिर्देशन केले का? सभासद झाल्यापासून तीन महिन्यांत ते करायचे असते. राहिले असेल तर याच सभेत फॉर्म मागा.