पाचवे शील आणि मद्यासक्ताची सुटका

त्रिसरण-पंचशील ग्रहण केल्यावाचून आपला कोणताही मंगल वा शोकाचा प्रसंग पार पडत नाही. नामकरण, विवाह, पुण्यानुमोदन, वर्षावासातील ग्रंथवाचन या सर्व प्रसंगी पाचवे शील उपस्थितांच्या मुखातून उच्चारले जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सतरावी प्रतिज्ञाही मद्य न पिण्याचीच आहे. असे असूनही जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांत दारूने पोखरलेली घरे शोधत फिरावे लागत नाही. अशा घरातील कर्ता पुरुष बहुधा विहारात येत नाही. शील घ्यायचे आणि संध्याकाळी मोडायचे, या लाजेने तो दूर राहतो. आणि तो दूर राहिला याचे आपल्यालाही फारसे वाईट वाटत नाही. ज्याला शील पाळावयाचे आहे परंतु पाळता येत नाही, अशा माणसाविषयी बुद्धवचन काय सांगते आणि आजचे वैद्यकशास्त्र काय सांगते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शीलाचा शब्दार्थ

पाचव्या शीलात 'सुरा', 'मेरय' आणि 'मज्ज' असे तीन शब्द येतात. विनयपिटकातील विभंगात सुरेचे पाच व मेरयाचे पाच प्रकार दिले आहेत. पीठ, अपूप, भात इत्यादींपासून केलेली ती सुरा. फुले, फळे, मधु, गूळ यांचा आसव म्हणजे मेरय. मोहाच्या फुलांची दारू, काळ्या गुळाची हातभट्टी आणि द्राक्षांची वाइन या तिन्हींची सोय या जुन्या यादीतच लागते. द्राक्षबागांच्या आपल्या परिसरात 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असा युक्तिवाद कधीकधी ऐकू येतो. विनयाच्या दृष्टीने त्यास आधार नाही.

यापुढील शब्द 'पमादट्ठान' हा अधिक महत्त्वाचा आहे. मद्य त्याज्य आहे ते अपवित्र आहे म्हणून नव्हे, तर ते प्रमादाचे, म्हणजे स्मृती हरपण्याचे स्थान आहे म्हणून. तसेच 'सिक्खापद' म्हणजे ईश्वरी आज्ञा नव्हे. ते शिक्षणाचे पद आहे, शिकण्याची पायरी आहे. पायरीवरून घसरलेला माणूस शिक्षणातून बाद होत नाही. त्याला पुन्हा त्याच पायरीवर उभे राहावे लागते.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत : प्रत्यक्ष धनहानी, कलहवृद्धी, रोगांचा उद्भव, अपकीर्ती, निर्लज्जता आणि प्रज्ञेचे दौर्बल्य. यांतील सहाव्याकडे आपले दुर्लक्ष होते. मद्यासक्ताला आपण बजावतो, "मनाशी निर्धार कर आणि सोड." परंतु ज्या प्रज्ञेच्या बळावर निर्धार करावयाचा, तीच मद्याने दुबळी झालेली असते. पाय मोडलेल्यास चालून दवाखान्यात ये असे सांगण्यासारखेच हे आहे.

मद्यासक्ती म्हणजे काय

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तीन गोष्टींच्या सेवनाने कधीही तृप्ती होत नाही असे म्हटले आहे. त्यांपैकी एक सुरामेरयपान होय. ही अतृप्ती म्हणजेच मद्यासक्तीचे मर्म. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत तिची सहा लक्षणे दिली होती : पिण्याची अनावर ओढ, किती प्यावे, केव्हा थांबावे यावरचा ताबा सुटणे, न मिळाल्यास शरीरास त्रास होणे, तेवढ्याच नशेसाठी अधिकाधिक मात्रा लागणे, इतर कामे व आवडी मागे पडणे, आणि हानी दिसत असूनही पिणे चालू राहणे. वर्षभराच्या काळात यांपैकी तीन वा अधिक लक्षणे एकत्र आढळल्यास तो अवलंबनाचा आजार समजला जाई. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत मांडणी थोडी बदलली आहे, गाभा तोच आहे.

शरीरात काय घडते हेही समजून घेतले पाहिजे. मद्य मेंदूच्या कार्यास लगाम घालते. रोजच्या मद्यामुळे हा लगाम कायमचा झाला, की मेंदू तोल सांभाळण्यासाठी आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. मग मद्य एकाएकी बंद केले तर लगाम सुटतो आणि वाढलेली उत्तेजना मात्र तशीच राहते. काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे व किडे दिसू लागतात. या अवस्थेत उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवतो. खेड्यांत या भ्रमास 'बाहेरची बाधा' समजून देवऋषीकडे नेले जाते आणि मोलाचे तास वाया जातात. म्हणून दीर्घकाळ रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला बुद्धपौर्णिमेच्या दिवशी शपथ घालून त्याच क्षणी दारू तोडावयास लावणे, हे सद्हेतूने केले तरी धोक्याचे आहे. शपथेपूर्वी त्याला वैद्यकीय अधिकाऱ्यास दाखवले पाहिजे.

या आजाराचा विस्तारही मोठा आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात आणि ५.७ कोटींहून अधिक लोकांना मद्यविषयक समस्यांसाठी मदतीची गरज आहे. मद्यावलंबी असलेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकाला काही उपचार मिळाल्याचे आढळले.

सागत थेर आणि सरकानि शाक्य

भिक्खूंसाठी मद्यपानाचा नियम ज्या प्रसंगातून आला तो पाचित्तियाच्या एकावन्नाव्या नियमात नोंदला आहे. सागत थेरांनी आपल्या ऋद्धिबलाने एका उग्र नागास नमविले होते. कोसंबीच्या उपासकांनी कौतुकापोटी घरोघर त्यांना मद्य दिले आणि ते नगरद्वारापाशी कोसळले. भिक्खूंनी त्यांना उचलून विहारात आणले व भगवंतांकडे डोके करून निजविले. पण शुद्ध नसलेल्या सागतांनी वळून भगवंतांकडेच पाय केले. नागाला जिंकणारा हा भिक्खू आता पाण्यातल्या सापाशी तरी झुंजू शकेल काय, असे भगवंतांनी विचारले आणि नियम घालून दिला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, बलवान माणूसही मद्यापुढे हरतो, आणि त्याला मद्य देणारे बहुधा त्याचे चाहतेच असतात. निवडणुकीत, हळदीत वा जत्रेत पेला पुढे करणाऱ्यांनी हे स्मरावे. दुसरी, मद्यपान हा पाराजिक, म्हणजे संघातून कायमचा दूर करणारा अपराध ठरविलेला नाही. तो पाचित्तिय आहे : सहभिक्खूपाशी कबुली द्यावी आणि पुन्हा शिक्षणास लागावे. याच सागत थेरांची गणना अंगुत्तरनिकायात तेजोधातूत कुशल असलेल्यांमध्ये अग्र म्हणून झाली आहे.

उपासकांसाठी संयुत्तनिकायातील सोतापत्ति-संयुत्तात याहून बोलके उदाहरण आहे. कपिलवस्तूचा सरकानि शाक्य मरण पावला तेव्हा तो स्रोतापन्न झाल्याचे भगवंतांनी सांगितले. शाक्य मंडळी कुरकुरू लागली : हा तर शिक्षणात दुबळा होता, मद्य पीत होता, हा स्रोतापन्न असेल तर कोण नसेल? महानाम शाक्याने ही कुरकुर भगवंतांच्या कानी घातली. भगवंतांनी सरकानिचे पिणे नाकारले नाही की त्याचे समर्थनही केले नाही. दीर्घकाळ बुद्ध, धम्म व संघ यांना शरण गेलेला माणूस अधोगतीस कसा जाईल, असे विचारून सरकानिने मरणसमयी शिक्षणाचा अंगीकार केला होता, एवढे त्यांनी स्पष्ट केले. समाजाने त्याच्या पिण्यावरून त्याची किंमत केली होती. भगवंतांनी ती त्याच्या शरणगमनावरून केली. आपल्या वस्तीतील सरकानिविषयी आपण कोणाच्या बाजूने बोलतो, हे ज्याने त्याने तपासावे.

सुटकेचे मार्ग

पहिला मार्ग वैद्यकीय. दारू तोडतानाचा त्रास सुरक्षितपणे पार पडावा म्हणून मोजकी शामक औषधे आणि 'ब-१' जीवनसत्त्व दिले जाते. पुढे ओढ कमी करणारी नॅल्ट्रेक्झोन, अॅकॅम्प्रोसेट यांसारखी औषधे उपलब्ध आहेत. डायसल्फिरॅम हे डेन्मार्कमध्ये १९४८ च्या सुमारास पुढे आलेले औषध घेतल्यावर दारू प्याल्यास छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. त्यामुळे ते रुग्णाच्या संमतीने व वैद्यकीय देखरेखीखालीच द्यावयाचे असते. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातींतील पुड्या भाजीत कालवणे हे फसवणुकीचे व जीवघेणे कृत्य आहे.

दुसरा मार्ग निवासी उपचाराचा. त्याचा एक धागा आपल्याच तालुक्यापाशी येतो. ओतूर येथे १९४४ मध्ये जन्मलेले डॉ. अनिल अवचट आणि त्यांच्या पत्नी, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साह्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे मारहाण व अपमान यांना स्थान नाही. श्रम, व्यायाम, समूहचर्चा, समुपदेशन आणि घरी परतल्यावरचा पाठपुरावा यांवर भर असतो. रुग्णाच्या पत्नीला व कुटुंबालाही उपचारात सामावून घेतले जाते, कारण आजार एकाचा असला तरी जखमा घरभर असतात. अनिताताई १९९७ मध्ये आणि डॉ. अवचट २०२२ मध्ये निवर्तले. केंद्राचे कार्य चालू आहे.

तिसरा मार्ग 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या बंधुसंघाचा. १९३५ मध्ये अमेरिकेतील अॅक्रन शहरी बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांनी परस्परांना सावरले, त्यातून तो उभा राहिला. भारतात तो १९५७ पासून आहे. शुल्क नाही, नाव सांगण्याचे बंधन नाही. एकाने आपली कहाणी सांगावी, इतरांनी ऐकावी. त्याच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, यावर आपल्या वाचकांचा आक्षेप स्वाभाविक आहे. परंतु ज्याला जसा उमजेल तसा अर्थ घेण्याची मुभा तेथेच दिलेली आहे, आणि ज्याला ईश्वर मान्य नाही त्याने समूहाच्या आधारावर विसंबावे. 'फक्त आजचा दिवस प्यायचे नाही' हे तेथील सूत्र उपोसथाशी जुळणारे आहे. अष्टशीलही एका दिवस-रात्रीपुरतेच घेतले जाते. अनीश्वरवादी पायावरचा प्रयत्नही झाला आहे : अमेरिकेत २०१९ पासून 'रिकव्हरी धर्म' या नावाने चार आर्यसत्ये व अष्टांगिक मार्ग यांवर आधारलेले गट चालतात.

चौथा मार्ग अल्प समुपदेशनाचा. ज्यांचे पिणे घातक झाले आहे पण अवलंबनापर्यंत गेलेले नाही, त्यांच्यासाठी तो आहे. गोव्यात 'संगत' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ३७७ पुरुषांवर केलेल्या अभ्यासात वैद्यकीय पदवी नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी मोजक्या बैठका घेतल्या. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोक घातक पिण्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या वस्तीतील शिकलेली मुले-मुलीही असे प्रशिक्षण घेऊन हे काम करू शकतील.

पाचवा मार्ग स्मृतीचा. ओढ उसळते, शिगेला पोहोचते आणि ओसरते. तिच्याशी न झगडता व तिच्या मागे न जाता तिच्याकडे पाहत राहणे, हे वेदनानुपस्सनेचेच उपयोजन होय. अॅलन मार्लॅट यांनी या तत्त्वावर पुनःपतन टाळण्याची पद्धत विकसित केली. सिएटलच्या एका कारागृहात दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केलेल्या कैद्यांचे सुटकेनंतरचे मद्यपान कमी झाल्याचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र शरीर दारूतून पूर्ण बाहेर आल्यावरच हा मार्ग धरावा. थरथरत्या माणसाला थेट शिबिरास पाठवू नये.

विहाराचे कर्तव्य

गावातील दुकान बंद करणे हेही आवश्यकच आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० मध्येच पुणे नगरपालिकेकडे दारूच्या दुकानांविरुद्ध आवाज उठविला होता. आज महिलांना मतदानाने 'बाटली आडवी' करता येते. परंतु दुकान बंद झाले तरी मद्यासक्ताचा आजार त्याच्या शरीरात शिल्लक राहतो. म्हणून दुकानबंदीच्या ठरावाबरोबर उपचाराची व्यवस्थाही करावी.

प्रत्येक विहाराने दोन-तीन जाणत्या उपासक-उपासिकांवर हे काम सोपवावे. त्यांनी मद्यासक्ताच्या घरी जाऊन प्रथम पत्नीचे व मुलांचे ऐकावे. तेथे मारहाण होत असल्यास त्यांच्या संरक्षणाची तजवीज आधी करावी. मद्यासक्ताशी तो शुद्धीत असताना बोलावे. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव येथील ग्रामीण रुग्णालय यांपैकी जवळचे असेल तेथे सोबत जावे; 'टेली-मानस'च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतून सल्ला घ्यावा. तो उपचार घेऊन परतल्यावर वर्षभर दर आठवड्याला भेटावे. तो पुन्हा घसरला तर पुन्हा न्यावे. घसरणे हा या आजाराच्या वाटेवरील नित्याचा टप्पा आहे. तो उपचाराच्या निष्फळतेचा पुरावा नव्हे.

कल्याणमित्र लाभणे म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य साधणे, असे आनंदांनी म्हटले तेव्हा भगवंतांनी त्यांना थांबवून ते संपूर्ण ब्रह्मचर्यच होय असे सांगितले. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत बुरूड व कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या दानांचे उल्लेख आहेत. दीर्घकाळची जबाबदारी एका माणसावर न टाकता कष्टकऱ्यांच्या समूहाकडे सोपविण्याची ही रीत आपल्याच डोंगरांत कोरलेली आहे. मद्यासक्ताच्या सुटकेची जबाबदारीही एकट्या त्याच्या निर्धारावर किंवा त्याच्या पत्नीच्या सोसण्यावर न टाकता विहाराने घ्यावी. पुढच्या पौर्णिमेस पंचशील ग्रहणाच्या वेळी तो दाराबाहेर उभा असेल, तर त्यास आत बोलावून आपल्या शेजारी बसवावे.

भवतु सब्ब मंगलं.