रक्ताची पत्रिका

आमच्या आजोळी पत्रिका पाहण्याची चाल नाही. याचे सारे श्रेय माझ्या मामांचे. "ज्याला उद्याचं दिसतं, तो आज दक्षिणेसाठी दारोदार कशाला हिंडेल?" हा त्यांचा ठरलेला सवाल, आणि त्याचे उत्तर देणारा ज्योतिषी अद्याप त्यांच्या घरची पायरी चढलेला नाही. असे हे मामा गेल्या वर्षीच्या आषाढात एक कागद डोळ्यांशी धरून बसले होते. मला पाहताच म्हणाले, "ये रे प्रोफेसर! ही पत्रिका मात्र तूच वाचून दाखव. मंगळ कुठं बसलाय तेवढं सांग."

तो कागद रक्ततपासणीचा होता.

त्याचे असे झाले. मामांचे वय ७२. रेल्वेच्या कचेरीत जन्म गेला. सिगारेटची सोबत चाळीस वर्षांची. रात्री चारचार वेळा लघवीला उठावे लागते म्हणून सोनोग्राफी केली, तर भलतेच काही निघाले. हृदयातून निघून पोटात उतरणारी जी महाधमनी, ती बेंबीच्या मागे फुगली होती. एरवी तिथे तिची रुंदी सुमारे २ सेंटिमीटर असते, मामांची ५.८ भरली. डॉक्टर याला ॲन्युरिझम म्हणतात. सायकलच्या जुन्या ट्यूबला टेंगूळ यावे, तसा हा प्रकार. नळी जितकी रुंद, तितका तिच्या भिंतीवर ताण अधिक. आणि ताण वाढला की ती आणखी रुंद होणार. पुष्कळदा वेदना नाही, सूचना नाही. आणि फुटली तर अनेक रोगी इस्पितळाच्या दारापर्यंतही पोहोचत नाहीत. म्हणून पुरुषांत ५.५ सेंटिमीटरच्या पुढे गेली की शस्त्रक्रियेचा विचार करतात.

हा रोग थोरामोठ्यांनाही चुकला नाही. आइन्स्टाइनच्या पोटात असाच फुगा होता. १९४८ साली रूडॉल्फ निसेन या शल्यविशारदाने तो सेलोफेनच्या कागदात गुंडाळला. हो, वस्तू बांधतात तोच सेलोफेन! त्याच्या भोवती शरीराने धट्ट आवरण धरावे, एवढीच त्या काळी आशा. आइन्स्टाइनला पुढे सहा वर्षांहून अधिक काळ मिळाला. १९५५ च्या एप्रिलात फुगा फुटला, तेव्हा त्याने नवी शस्त्रक्रिया नाकारली. दरम्यान १९५१ मध्ये पॅरिसला शार्ल द्युबोस्त याने फुगलेला भाग काढून तिथे दुसऱ्या मृत माणसाची धमनी जोडली होती. अमेरिकेत मायकेल डिबेकीने डेक्रॉनच्या कापडाची नळी बायकोच्या शिवणयंत्रावर शिवली. आणि १९९० साली ब्वेनोस आइरेसमध्ये ह्वान पारोदीने पोट न उघडताच, जांघेतल्या धमनीतून घडी केलेली नळी वर चढवून फुग्याच्या आत बसवली. या नव्या रीतीची ब्रिटनमध्ये जुनीशी तुलना झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: पोट उघडलेल्या शंभरांपैकी साधारण पाच रोगी महिन्याच्या आत दगावले, आतून नळी बसवलेल्या शंभरांपैकी दोनाहून कमी. मात्र काही वर्षांनी हा फरक पुसट होत गेला.

तेव्हा शस्त्रक्रिया कशी करायची, हा प्रश्न बराचसा सुटला आहे. उरतो तो प्रश्न असा, की तिच्यातून कोण सुखरूप उठेल? इथे रक्ताचे काम सुरू होते.

आमच्या सर्जन बाई वयाने माझ्यापेक्षा लहान, पण बोलणे शांत. त्यांनी कागदावरच्या तीन ओळींना पेन्सिलीने खुणा केल्या. हिमोग्लोबिन ९.४. क्रिएटिनिन १.७. अल्ब्युमिन ३.१. मामी इतका वेळ गप्प होत्या. त्या एकाएकी म्हणाल्या, "डॉक्टर, रक्तात सगळं दिसतं म्हणता ना? मग एवढंच सांगा, हे घरी परत येतील ना?"

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग बाई म्हणाल्या, "काकू, अशा शंभर माणसांतले किती परत येतात ते मी अंदाजाने सांगू शकते. त्या शंभरांत काका कुठले, ते रक्त सांगत नाही."

मी मराठीचा मास्तर. शब्दांशी माझे लागेबांधे. 'भाकीत' आणि 'अंदाज' हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. त्यांत केवढे अंतर आहे, ते मला त्या खोलीत कळले.

हे अंदाज बांधतात कसे, तेही ऐकण्यासारखे आहे. क्रिएटिनिन हा स्नायूंचा टाकाऊ माल. तो मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा. रक्तात तो साचू लागला म्हणजे मूत्रपिंडे थकली. महाधमनीला चिमटा लावला की त्यांचा रक्तपुरवठा बिघडू शकतो, आणि आतून नळी बसवताना जे रंगद्रव्य सोडतात त्याचाही भार त्यांच्यावरच. म्हणून आधीच थकलेल्या मूत्रपिंडांचा रोगी धोक्याचा. हिमोग्लोबिन कमी म्हणजे हृदयाला मिळणारा प्राणवायू कमी. अल्ब्युमिन हे यकृतात तयार होणारे प्रथिन. ते उतरले असेल तर माणूस खंगलेला आहे किंवा शरीरात कुठे दाह चालू आहे असे समजतात. अशा माणसाच्या जखमा सावकाश भरतात.

असे काही धागे एकत्र गुंफून गुण देण्याच्या पद्धतीही निघाल्या. फुगा फुटून आलेल्या रोग्यांसाठी ऑस्ट्रेलियात १९९६ साली हार्डमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाच खुणा सांगितल्या: वय ७६ च्या वर, क्रिएटिनिन ठराविक मर्यादेपलीकडे, हिमोग्लोबिन ९ च्या खाली, हृदयालेखात रक्त कमी पडल्याची खूण, आणि इस्पितळात आल्यावर शुद्ध हरपणे. त्यांच्या नोंदीत ज्या रोग्यांना यांपैकी तीन किंवा अधिक खुणा होत्या, त्यांच्यातला एकही वाचला नव्हता. आता यापुढे अशांवर शस्त्र धरूच नये, असे कोणालाही वाटावे. पण पुढे इतर इस्पितळांनी आपल्या नोंदी तपासल्या, तेव्हा तीन खुणा असूनही चालत घरी गेलेले रोगी सापडले! आकडा खोटा नव्हता. त्याला पत्रिका मानले असते, तर चूक झाली असती.

आमच्या बाईंनी आकड्यांचा उपयोग वेगळाच केला. "हिमोग्लोबिन कमी का, हे आधी शोधू," त्या म्हणाल्या. चौकशीत निघाले, की गुडघे दुखतात म्हणून मामा दोन वर्षे कोपऱ्यावरच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेत होते. कोणाला विचारले नाही, कोणाला सांगितले नाही. त्या गोळ्यांनी पोटात व्रण केला होता. तिथून थेंब थेंब रक्त जात होते. आणि त्याच गोळ्या मूत्रपिंडांवरही घाव घालीत होत्या. दोन ओळींचा चोर एकच निघाला.

गोळ्या बंद. सिगारेट बंद. शिरेतून लोह, व्रणावर औषध, जेवणात डाळ, दूध, अंडी. आणि शस्त्रक्रिया सहा आठवडे पुढे.

या सहा आठवड्यांवरून घरात भांडण झाले. नाशिकहून आलेला मामेभाऊ म्हणाला, "फुगा उद्या फुटला तर? तुमचं हिमोग्लोबिन काय करायचंय?" खरे सांगायचे तर मीही त्याच्याच बाजूचा होतो. बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितले, की भीती दोन्हीकडे आहे, ५.८ चा फुगा सहा आठवड्यांत फुटण्याची भीती थोडी, या रक्तावर शस्त्र धरण्याची जास्त. पोटात किंवा पाठीत कळ आली, तर मध्यरात्रीही निघून या. ते सहा आठवडे आम्ही कसे काढले, ते सांगत नाही. मामा खोकले तरी मामी दारात येऊन उभ्या राहत.

शेवटी हिमोग्लोबिन ११.९ झाले, क्रिएटिनिन १.३ वर आले. जांघेतून नळी बसवली. दुसऱ्या दिवशी मामा चहा मागू लागले आणि आम्ही सुस्कारा टाकला. तेवढ्यात रक्तात ट्रोपोनिन वाढल्याचे कळले. हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन. स्नायूला इजा झाली की रक्तात झिरपते. मामांच्या छातीत दुखत नव्हते. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामके चालू असतात, त्यामुळे अशी इजा मुकीच राहते. २०१२ साली १५,००० वर रोग्यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया हृदयावरच्या नव्हेत, इतर. ज्यांचे ट्रोपोनिन जवळजवळ वाढले नाही, त्यांपैकी महिन्यात शंभरी एक गेला; ज्यांचे सर्वांत जास्त वाढले, त्यांपैकी शंभरी सतरा. मामांचे थोडेच वाढले होते. हृदयालेख काढले, औषधे बदलली, दोन दिवस अधिक ठेवून घेतले. न बोलणाऱ्या हृदयाची तक्रार रक्ताने सांगितली, आणि वेळेवर सांगितली.

वाचकांना एक सांगून ठेवतो. हल्ली 'संपूर्ण तपासणी' म्हणून रक्ताच्या साठ-सत्तर चाचण्या एका दमात करून घेण्याची हौस वाढली आहे. पण हा फुगा शोधून काढील अशी रक्ताची भरवशाची चाचणी आज नाही. तो दिसतो पोटाच्या सोनोग्राफीत. इंग्लंडमध्ये पासष्टीच्या पुरुषांना त्यासाठी बोलावून घेतात. आपल्या घरी कोणी सिगारेट-विडी ओढलेले, साठी-पासष्टी उलटलेले असतील, किंवा वडिलांना, भावाला हा विकार झाला असेल, तर डॉक्टरांना एकदा विचारावे. आणि दुखण्याच्या गोळ्यांचा डबा एकदा उघडून पाहावा.

या दिवाळीला मामांकडे गेलो होतो. नळी जागेवर आहे ना, हे पाहण्यासाठी त्यांना वर्षाच्या वर्षाला तपासणी करावी लागते. ती नुकतीच झाली होती. फराळाच्या ताटाशेजारी ते दोन कागद, आषाढातला आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीचा, घडी करून ठेवले होते.

"हे अजून जपलेत?" मी विचारले.

"जपणार तर! ज्योतिषानं मांडलेले ग्रह कोणाला हलवता येत नाहीत. हे मी हलवले." आणि चकलीकडे हात नेत ते हळूच म्हणाले, "गुडघे मात्र अजून दुखतात रे."

मामी आतून म्हणाल्या, "दुखू देत. डबा माझ्याकडे आहे."