विश्लेषण : रनअप कमी, धार जास्त! झहीर खानने स्थिरावलेली शैली का आणि कशी बदलली?

दौंड-मनमाड लोहमार्गावर दौंड सोडले की थोड्याच वेळात काष्टी लागते. त्याच मार्गाने अहिल्यानगर आणि राहुरी ओलांडून पुढे गेले की बेलापूर नावाचे स्थानक येते. ते खरे तर श्रीरामपूरचे. भारताचा सर्वांत यशस्वी डावखुरा वेगवान गोलंदाज झहीर खान याच गावचा. काष्टी-श्रीगोंदा पट्ट्यात हार्ड टेनिसच्या चेंडूवर वेगाने मारा करणारी मुले गावोगावी दिसतात. त्यांच्या दृष्टीने झहीरच्या ३११ कसोटी बळींपेक्षा २००६ मधील त्याचा एक उन्हाळा अधिक उपयोगाचा आहे. त्या वर्षी त्याने सवयीची झालेली शैली मोडून पुन्हा बांधली.

झहीर घडला कसा?

१९७८ मध्ये जन्मलेला झहीर वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत श्रीरामपुरातच होता. नंतर वडील त्याला मुंबईला घेऊन गेले. माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये त्याला पहिले शिस्तबद्ध शिक्षण मिळाले. तेथून तो चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये डेनिस लिली आणि टी. ए. शेखर यांच्या हाताखाली गेला. पुढे बडोद्याकडून खेळला आणि ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत त्याने भारताकडून पदार्पण केले. लांब रनअप, क्रीजजवळ मोठी उडी आणि यॉर्कर ही त्याची ओळख होती.

मग बदलण्याची गरज का पडली?

उडी प्रेक्षकांना आवडते, पण गोलंदाजाला ती महाग पडते. हवेतून खाली येताना पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या अनेक पट भार पडतो. घोटा, गुडघा, मांडीचा मागचा स्नायू आणि कंबर यांना तो सोसावा लागतो. उडी मोठी असेल तर डोके आणि खांदा एका बाजूला कलण्याची शक्यता वाढते. मग मनगट चेंडूच्या नेमके मागे राहत नाही. शिवण सरळ उभी राहिली नाही, की चेंडू स्विंग होण्याऐवजी नुसता पुढे जातो. २००३ च्या विश्वचषकात झहीरने १८ बळी घेतले, पण अंतिम सामन्यातील त्याच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. त्यानंतर दुखापतींनी पाठ सोडली नाही. इरफान पठाण, रुद्रप्रताप सिंग, मुनाफ पटेल, श्रीशांत अशी नवी फळी उभी राहिली आणि २००६ मध्ये झहीर संघाबाहेर गेला. वय सत्तावीस. अनेकांची कारकीर्द इथेच संपते.

वूस्टरशायरमध्ये नेमके काय झाले?

इंग्लिश काउंटी हंगामात जवळपास रोज खेळावे लागते. लांब रनअप घेऊन दिवसाला वीस-वीस षटके टाकणे शरीराला झेपत नाही. झहीरने रनअप आखूड केला आणि उडी आवरती घेतली. वेग थोडा गेला, नियंत्रण आले. तेथील ड्यूक्स चेंडूची शिवण ठसठशीत असते आणि लकाकी बराच वेळ टिकते, त्यामुळे चूक आणि सुधारणा दोन्ही लगेच कळतात. नेटमध्ये महिनाभरात मिळणार नाही इतकी उजळणी तिथे सामन्यांतच होत होती. हंगामाअखेर काउंटी अजिंक्यपद स्पर्धेत त्याच्या नावावर ७८ बळी होते. एसेक्सविरुद्धच्या एका डावात तर पहिले नऊही बळी त्याचेच होते. दहाव्या बळीचा झेल यष्टिरक्षकाच्या हातून सुटला, नाहीतर संपूर्ण डाव त्याच्या नावावर लागला असता.

त्याच वर्षाअखेरीस तो दक्षिण आफ्रिकेत भारतीय संघात परतला. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिज कसोटीत त्याने नऊ बळी घेतले. इंग्लंडच्या खेळाडूंनी खेळपट्टीवर जेलीच्या गोळ्या टाकून त्याला डिवचल्याचा किस्सा याच कसोटीतला. भारताने ती मालिका १-० ने जिंकली, इंग्लंडमध्ये तब्बल २१ वर्षांनी. त्याच्या एकूण कसोटी बळींपैकी निम्म्याहून अधिक या बदलानंतरचे आहेत.

सुधारणा होताना आधी खेळ बिघडतो का?

बऱ्याचदा हो. याचे सर्वांत स्पष्ट दाखले गोल्फमध्ये मिळतात, कारण तिथे चेंडू जागेवर स्थिर असतो आणि दोष द्यायला दुसरे कोणी नसते. निक फाल्डोने १९८० च्या दशकाच्या मध्यात प्रशिक्षक डेव्हिड लेडबेटरकडे आपला स्विंग पायापासून बदलला. सुमारे दोन वर्षे त्याची कामगिरी घसरली. १९८७ मध्ये तो ब्रिटिश ओपन जिंकला. टायगर वूड्सने तर १९९७ ची मास्टर्स १२ फटक्यांच्या फरकाने जिंकल्यानंतर स्विंग बदलायला घेतला. १९९८ मध्ये अमेरिकी पीजीए टूरवर त्याला एकच विजेतेपद मिळाले आणि टीकाकारांना विषय मिळाला. २००० मध्ये त्याने तीन मेजर स्पर्धा जिंकल्या.

कारण सोपे आहे. हजारो वेळा केलेली हालचाल शरीर विचार न करता करते. नवी हालचाल मात्र सुरुवातीला आठवून करावी लागते आणि त्या आठवण्यात लय जाते. दडपण आले की शरीर जुन्या वाटेने पळते. म्हणून जाणते प्रशिक्षक एका वेळी एकच गोष्ट बदलतात आणि ती आधी कमी वेगात घोटून घेतात.

बदलामुळे दुखापती संपल्या का?

नाही. २०११ मध्ये लॉर्ड्स कसोटीच्या पहिल्याच दिवशी मांडीचा स्नायू दुखावून झहीर मैदानाबाहेर गेला. बदलाने त्याला वर्षे मिळाली, अभय मिळाले नाही. पण त्याच वर्षी, दुखापतीच्या काही महिने आधी, विश्वचषकात त्याने २१ बळी घेऊन शाहिद आफ्रिदीसह अव्वल स्थान गाठले होते. वानखेडेवरील अंतिम सामन्यात त्याची पहिली तीन षटके निर्धाव होती. पुढच्या टप्प्यात त्याला मारही बसला, हे आकडे पाहणाऱ्यांनी विसरू नये.

गावातल्या गोलंदाजाने काय करावे?

टेनिस चेंडूवर शिवणीचा प्रश्नच नसतो, त्यामुळे मनगटाची चूक वर्षानुवर्षे लपून राहते. लेदर चेंडू हातात आला की ती उघडी पडते. आठवड्यातून एक-दोनदा तरी लेदर चेंडूवर सराव हवा. मोबाइल तिवईवर किंवा विटेला टेकवून बाजूने आणि मागून चित्रण केले, तर पुढचा पाय कुठे पडतो आणि डोके किती कलते हे दिसते. रनअपची पावले मोजून खूण करावी, नो-बॉल तिथेच कमी होतात. वाढत्या वयातील मुलांनी षटकांची मर्यादा पाळावी. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने तर वयानुसार तशी मर्यादाच घालून दिली आहे. आपल्याकडे गावच्या चषकात चांगला गोलंदाज दिवसात तीन-तीन सामने टाकतो. कंबर दुखू लागली, तर शैली बदलण्याआधी विश्रांती आणि डॉक्टर.